सौरज्वाला, सौरवादळ आणि 'तुटणाऱ्या' रेषा

प्रश्न असा होता की बातम्यांत सोलर फ्लेअरला कधी सौरज्वाला म्हणतात कधी सौरवादळ, तर दोन्ही एकच का, आणि "चुंबकीय रेषा तुटून स्फोट होतो" हे कितपत बरोबर.

एकच नाहीत. सौरज्वाला हा सूर्यावरचा भडका, त्याचा प्रकाश नि क्ष-किरण 8 मिनिटांच्या थोडं वर इथे पोचतात. मोठ्या भडक्यासोबत बऱ्याचदा प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, ढगही फेकला जातो, त्याला यायला साधारण 1 ते 3 दिवस लागतात, आणि तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की जे होतं ते वादळ. 13 मार्च 1989 ला कॅनडात क्यूबेकची वीज गेली ती वादळानं. ज्वाला म्हटलं तरी तिथे काही जळत नसतं, पण शब्द रुळलाय, राहू दे.

आता रेषा. सौरडागांत, म्हणजे सूर्यावरच्या काळसर डागांत, तगडं चुंबकीय क्षेत्र असतं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेलनं 1908 मध्ये दाखवलं. डागांतून वर या क्षेत्राच्या रेषांच्या कमानी निघतात, त्यांचे पाय खालच्या वायूत रुतलेले, तो वायू सतत सरकतोय, म्हणून कमानींना पीळ बसत जातो आणि त्या पिळातच ऊर्जा साठते. सगळ्यात खोडकर डाग कुठले, तर ज्यांत चुंबकाच्या उत्तर आणि दक्षिण ध्रुवाचे काळे गाभे एकाच करड्या कडेच्या आत दाटीवाटीनं बसलेले असतात. रेषा मात्र तुटून लोंबकळत नाहीत हो, त्यांना टोकच नसतं, उलट दिशेची क्षेत्रं अगदी पातळ थरात समोरासमोर आली की कोण कुणाशी जोडलंय ते बदलतं आणि साठलेली ऊर्जा सुटून भडका उडतो, म्हणून 'तुटणं' नको, 'पुनर्जोडणी' लिहा.

आणि भडका सुरू करून देणाऱ्या ट्रिगरला 'कारण' लिहू नका प्लीज, आपल्याकडे 'निमित्त' हा झकास शब्द आहे. कारण म्हणजे दिवसेंदिवस साठलेला पीळ. निमित्त काहीही होतं, खालून छोटंसं नवं क्षेत्र वर येऊन जुन्यात घुसतं, किंवा पिळलेल्या रेषांचा दोरच तोल जाऊन वर उसळतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, इथे नेमकं उलटं, थोडाफार पीळ जातो नि डाग तसाच राहतो, म्हणून तोच डाग काही तासांत पुन्हा भडकू शकतो.