कोल्हापूरहून कमी पैशात पहिला परदेशप्रवास कुठे करावा? पासपोर्ट अजून काढलेला नाही.

नेपाळ. दुसरा विचारच करू नका.

भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. फक्त आधारवर जाऊ नका. ते 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांसाठीच ग्राह्य धरतात. आमच्यातल्या एकाने मतदार कार्ड घरीच ठेवलं होतं, ते आठवलं गाडी मिरज सोडल्यावर. पुढचे दोन दिवस सगळ्यांच्या जिवाला घोर.

जायचं रेल्वेनेच, स्लीपरने. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर. पुढे बसने सोनौली, आणि सीमा चक्क चालत ओलांडायची! पलीकडे भैरहवा. तिथून गौतम बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी अगदी जवळ आहे, ते चुकवू नका. मग पोखरा किंवा काठमांडूची बस.

आपल्या 100 रुपयांचे तिथे 160 नेपाळी रुपये होतात, दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. जेवायला दाल-भात घ्या. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. गाडीसाठी घरून भडंग आणि धपाटे न्या, दोन दिवसांचा खाण्याचा खर्च वाचतो.

भूतान सुंदर आहे, पण तिथे भारतीयांना माणशी रोज रात्रीचे 1,200 रुपये शुल्क भरावं लागतं. पहिल्या प्रवासाला ते नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, डोंगर स्वच्छ दिसतात. रेल्वेचं तिकीट मात्र आत्ताच बघा.