शेजारची जुनी इमारत पाडून तेथे दोन तळघरांची उंच इमारत होणार आहे. आम्ही घर आताच विकावे की थांबावे?

आपण लिहिले आहे की आपली इमारत सुमारे ४० वर्षांची आहे, शेजारच्या प्लॉटची हद्द आपल्या भिंतीपासून चार-पाच मीटरवर आहे, आणि बिल्डरच्या माणसाने सभेत येऊन ‘काही झालेच तर आम्ही करून देऊ’ असे सांगितल्यावर बहुतेक सभासदांचे समाधान झाले आहे. विकावे की थांबावे, याकडे मी येईन. परंतु मला लिहायला बसवले ते त्या एका वाक्याने. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आमच्याही सभेत बोलले गेले होते, आणि ते ऐकून सर्वांत आधी मान डोलावणारा माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

शेजारी उंच इमारत येणार म्हटले की लोक मजले मोजतात. ऊन अडेल, वारा अडेल, गाड्या वाढतील, पाणी पुरणार नाही, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या पुढची अनेक वर्षे राहतील. पण आपल्या घराला इजा व्हायची असेल तर ती बहुधा त्याआधी, एकही मजला उभा नसताना, खड्ड्यामुळे होते. आपल्या पायाखालची माती जागेवर राहते ती बाजूच्या मातीच्या आधाराने. तो आधार काढला आणि खड्ड्याची भिंत थोडी जरी आत झुकली, तरी मागची माती तिच्यामागोमाग सरकते. त्यात तळघरासाठी रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसले जाते, भूजलाची पातळी उतरते, पाण्याने पेललेला भार मातीच्या कणांवर येतो आणि मऊ माती दबते. मऊ जमिनीत हा परिणाम खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पोहोचू शकतो. दोन तळघरे म्हणजे सहा-सात मीटर खोली, आणि आपण चार-पाच मीटरवर आहात.

ही भीती घालण्याची भाषा नाही. २७ जून २००९ रोजी शांघायमध्ये जवळजवळ पूर्ण झालेली १३ मजली इमारत अखंडच्या अखंड आडवी झाली. एका बाजूला भूमिगत पार्किंगसाठी ४.६ मीटर खोल खोदले होते आणि दुसऱ्या बाजूला सुमारे १० मीटर उंचीचा मातीचा ढीग रचला होता. त्याच वर्षी ३ मार्चला जर्मनीतील कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामात कोसळली आणि लगतच्या घरांतील दोन माणसे गेली. अशा दुर्घटना क्वचित घडतात हे खरे. पण आमच्या घराचे जे झाले ते मुळीच क्वचित नाही, आणि त्याची बातमी कोठेही छापून येत नाही.

आमच्या सभेत मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. खोदकामाआधी दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांनी मिळून प्रत्येक खोलीची पाहणी करावी, त्या नोंदीवर तारीख घालून दोघांनी सही करावी, आणि नुकसान झाल्यास ते कोण ठरवणार हे आधीच लिहून घ्यावे. मी लेखापरीक्षणाचे काम करते. ज्याचा कागद नाही ते घडलेच नाही, असे समजून मला रोज निर्णय द्यावे लागतात, त्यामुळे माझी मागणी मला साधी वाटत होती. दादा त्या वेळी आमच्या संस्थेचा सचिव होता. तो सर्वांसमोर म्हणाला, ‘माणूस घरी येऊन शब्द देतो आहे आणि आपण त्याच्यापुढे स्टॅम्पपेपर धरायचा? उद्या याच लोकांशेजारी राहायचे आहे आपल्याला.’ मग विषय संपलाच. मी लग्न होऊन दुसरीकडे राहत होते, घर आईच्या नावावर होते आणि आई दादाच्या शब्दाबाहेर नव्हती.

मी माझ्यापुरते फोटो काढून ठेवले. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, जिन्याचा मधला टप्पा असे नऊ फोटो. आईच्या खोलीची खड्ड्याकडची भिंत तेवढी राहिली, कारण तिच्यासमोर आजोबांच्या वेळचे लाकडी कपाट होते, ते हलवायला चार माणसे लागत, आणि भिंतीच्या फोटोसाठी कपाट कशाला हलवायचे, असे मलाच वाटले.

खोदकाम सुरू झाल्यावर साधारण सहाव्या आठवड्यात आईच्या खोलीचे दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासू लागले. कडी लावताना दार खांद्याने लोटावे लागे. मी फोनवर म्हटले की चौकट तिरकी होते आहे, इंजिनिअरला बोलवा; दादा म्हणाला की हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगले आहे. सुताराने दाराच्या वरच्या कडेवरून रंधा मारला आणि दार मोकळे झाले. पंधरा दिवसांत ते पुन्हा घासू लागले, तेव्हा पुन्हा रंधा मारला. कपाटामागे काय चालले आहे, हे पुढच्या महिन्यात आईची पेटी काढण्यासाठी कपाट ओढले तेव्हा कळले. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग छतापर्यंत तिरकी गेली होती. खाली सुईचे टोक जेमतेम जाईल एवढी आणि वर जुने नाणे उभे राहील एवढी रुंद. एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत जाणारी तिरकी भेग ही घराची एक बाजू खचल्याची खूण समजली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे.

बिल्डरचा इंजिनिअर आला तो बऱ्याच पत्रांनंतर. त्याने टॉर्च मारून भेगेत पाहिले आणि आत धूळ बसली आहे, म्हणजे भेग जुनी आहे, असा निष्कर्ष काढला. खूण म्हणून ही चुकीची नाही: ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असतो, तर जुन्या भेगेत मळ आणि कधी जुना रंगही उतरलेला असतो. पण ती धूळ त्याच्याच कामाची होती. चार महिने आमच्या खिडक्यांवर, भांड्यांवर, आईच्या उशीवर जी राखाडी धूळ बसत होती तीच भेगेत बसली होती. मग मी दाराची गोष्ट सांगितली. त्याने चौकटीवर लेव्हल धरली, दाराची वरची कड पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘ही फट रंध्याने किती पडली आणि चौकट हलल्याने किती, हे तुम्ही कसे दाखवणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या हातात असलेला एकमेव मोजता येण्याजोगा पुरावा आम्ही आमच्याच हाताने तासून टाकला होता. शेवटी त्यांनी भेगेत लांबी (पुट्टी) भरून रंग दिला, त्याला सदिच्छा असे नाव दिले, आणि काही महिन्यांनी त्याच रेषेत भिंत पुन्हा उकलली.

त्याच खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला आमच्याच वयाची एक इमारत आहे. तेथील लोकांनी पाहणीच्या संयुक्त नोंदीवर सही झाल्याखेरीज काम सुरू होऊ दिले नाही. त्यांच्या भिंतींवर मोजमापाच्या खुणा बसवल्या गेल्या, दर आठवड्याला वाचन झाले, आणि एका कोपऱ्यात ठरलेल्यापेक्षा जास्त हालचाल दिसल्यावर खोदकाम थांबवून खड्ड्याच्या भिंतीला जादा आडवे टेकू दिले गेले. पायाच्या मजबुतीचे काम बिल्डरच्या खर्चाने झाले. बिल्डर तोच आणि माणसेही तीच. दादा आजही म्हणतो की कागद मागितला असता तर संबंध बिघडले असते आणि रंगही मिळाला नसता. पलीकडच्या इमारतीत संबंध बिघडले नाहीत. उलट तेथे कोणाला कोणावर ओरडावे लागले नाही. संबंध बिघडले ते आमच्याकडे, बिल्डरशीही आणि बहीण-भावांतही, आणि ते कागद नव्हता म्हणून बिघडले. हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. तो ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

शेजाऱ्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत जेवढ्या लवकर जाईल तेवढे बरे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याप्रमाणे शेजारच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खोदायचे असेल, तर किमान एक महिना आधी लेखी सूचना द्यावी लागते. काही परिस्थितींत हीच अट ६ मीटरपर्यंत लागू होते. तेथे कोणी याला अपमान म्हणत नाही. आणि ज्यांना वाटते की नुकसान झालेच तर न्यायालय आहे, त्यांनी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या ट्रिनिटी चर्चचे उदाहरण पाहावे. शेजारी ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवर उभा राहत असताना त्याच्या खड्ड्याच्या भिंती सरकल्या आणि १८७७ पासून उभ्या असलेल्या चर्चच्या बांधकामाला तडे गेले. टॉवर १९७६ मध्ये पूर्ण झाला. चर्चच्या बाजूने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला १९८७ मध्ये. चर्चला थांबणे परवडले. आमच्या घराला भेग पडली तेव्हा माझी आई ७४ वर्षांची होती.

तेव्हा आपल्या संस्थेने आपला स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा. बिल्डरने पाठवलेला इंजिनिअर प्रामाणिक असला तरी तो बिल्डरचा असतो. प्रत्येक घरात कपाटे हलवून, पडदे काढून, पट्टी शेजारी धरून फोटो काढावेत आणि असलेली प्रत्येक भेग, अगदी केसाएवढी असली तरी, नकाशावर उतरवावी. जुन्या भेगा लपवू नयेत. त्या नोंदवल्या तरच नव्या वेगळ्या ओळखता येतात. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख घातली तर हालचाल झाल्यावर ती तडकते; आता त्यासाठी रेषा आखलेल्या प्लास्टिकच्या मापपट्ट्या मिळतात आणि त्या अधिक चांगल्या, कारण हालचाल किती आणि कोणत्या दिशेने झाली हे त्या सांगतात. खड्ड्याच्या भिंतीचा आराखडा, पाणी उपसण्याची पद्धत आणि भूजलपातळी मोजण्यासाठीची नळी, या तिन्ही गोष्टी मागा. पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकून बसवणार की भोक पाडून ओतणार, हेही विचारा, कारण ठोकण्याचा कंप पुष्कळ जास्त असतो. जर्मन मानकात राहत्या घरांच्या पायापाशी कमी वारंवारतेच्या कंपासाठी सेकंदाला ५ मिलिमीटर आणि नाजूक जुन्या वास्तूंसाठी ३ मिलिमीटर ही मर्यादा मानली आहे. माणसाला कंप याच्या बराच खाली जाणवतो, म्हणून तावदान थरथरले एवढ्यावरून घर धोक्यात आहे असे समजू नये; कंपमापक लावायला सांगावे.

एवढे लिहिल्यावर हेही सांगणे भाग आहे की मी इंजिनिअर नाही आणि प्रत्येक भेग खड्ड्यामुळे पडत नाही. गिलावा सुकताना, ऊन-थंडीच्या फरकाने, गळतीने सळया गंजल्यानेही भेगा पडतात, आणि ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बहुतेक वेळा दिसायला वाईट असतात, इमारतीला घातक नसतात. आमचेही घर राहण्यायोग्य आहे. तसेच, नवीन बांधकामच नको, अशी माझी भूमिका नाही. दाट वस्तीच्या शहरात माणसे येत राहणार आणि त्यांना घरे लागणार. मोडकळीला आलेली इमारत तशीच उभी ठेवणे हा शेजाऱ्यांसाठी खड्ड्याहून मोठा धोका असू शकतो.

विकण्याबद्दल माझे मत एवढेच की केवळ भीतीपोटी आता विकू नये. बांधकामाच्या तोंडावर घर पाहायला येणारा प्रत्येक जण त्या खड्ड्याचे कारण सांगून भाव पाडणार, आणि ज्याच्या संस्थेकडे पाहणीची नोंद आणि पायाची खात्री आहे त्याचे घर काम संपल्यावर अधिक निश्चिंतपणे विकले जाईल. मात्र आपल्या संस्थेने काहीही लिहून घ्यायचे नाही असेच ठरवले, आणि घरात वयस्कर किंवा धूळ-आवाज सहन न होणारे माणूस असेल, तर निदान खोदकामाच्या काळात दुसरीकडे राहण्याची सोय पाहावी. विक्रीचा निर्णय आपले कर्ज, वय, नोकरीचे ठिकाण यांवर अवलंबून आहे आणि ते आपण लिहिलेले नाही.

खोदकाम सुरू झाले असेल तरी उशीर झाला असे समजू नका, आजची नोंद उद्याच्या वादात उपयोगी पडते. आणि एखादे दार घासू लागलेच, तर सुताराला बोलावण्याआधी चारही कोपऱ्यांतल्या फटी मोजा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते आकडे तारखेसह बिल्डरला लेखी कळवा, आणि त्याची पोच हातात आल्याशिवाय रंधा लावू देऊ नका.