ऑनलाईन नोटरीची फाईल, तिची छापील प्रत आणि काउंटीने परत पाठवलेले पाकीट

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि २०२१ च्या अखेरीचे माझे सहा आठवडे जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले. तुमच्या सासऱ्यांना ग्रीन कार्डवर अमेरिकेत येऊन दोनच वर्षे झाली आहेत, शस्त्रक्रियेनंतर ते पुनर्वसन केंद्रात आहेत, दुसऱ्या राज्यातला कॉन्डो त्यांच्या आणि तुमच्या यजमानांच्या संयुक्त नावावर आहे आणि क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराच्या अंतिम सह्यांचा दिवस, अठरा दिवसांवर आले आहे. पॉवर ऑफ अॅटर्नीसाठी, म्हणजे मुखत्यारपत्रासाठी, घेतलेल्या ऑनलाईन (व्हिडिओवरून काम करणाऱ्या) नोटरीच्या ओळख-प्रश्नांत ते दोनदा नापास झाले, तेव्हा आता दुसरी ऑनलाईन सेवा शोधावी की केंद्रात येणारा मोबाईल नोटरी बोलवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मोबाईल नोटरी बोलवावा. मात्र त्याला फोन करण्याआधी टायटल कंपनीला, म्हणजे मालकी तपासून व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीला, विचारावे. मी वकील नाही आणि नोटरीही नाही, शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. त्यामुळे पुढचे सारे एका पोळलेल्या माणसाचा अनुभव म्हणूनच वाचा.

आधी सासऱ्यांविषयी, कारण तुमच्या लिहिण्यावरून ते खट्टू झालेले दिसतात. हे प्रश्न त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा नसतात. संगणक ते पतइतिहासातून आणि सार्वजनिक नोंदींतून तयार करतो: पूर्वी कोणत्या पत्त्यावर राहत होता, अमुक साली कोणते वाहन तुमच्या नावावर होते, यांपैकी कोणत्या रस्त्याशी तुमचा संबंध आला. साधारणपणे पाच प्रश्न आणि दोन मिनिटे मिळतात आणि किमान चार उत्तरे बरोबर यावी लागतात. ज्या माणसाच्या नावावर या देशात ना कर्ज, ना गाडी, ना भाडेकरार, त्याच्याविषयी संगणकाकडे विचारण्यासारखे काही नसते, आणि मग तो नावसाधर्म्यामुळे चिकटलेल्या कुणा भलत्याच माणसाचे पत्ते विचारत बसतो. दुसऱ्या सेवेकडे गेलात तरी माहितीचे स्रोत बहुधा त्याच प्रकारचे असतील, म्हणून तिथे वेगळे काही घडेल असे मला वाटत नाही. अनेक राज्यांच्या कायद्यात नोटरीची प्रत्यक्ष ओळख किंवा शपथेवर ओळख पटवणारा साक्षीदार असे पर्यायही आहेत, पण मी पाहिलेल्या सेवांनी ते देऊ केले नाहीत. आणि शेजारी बसून उत्तरे सुचवू का, असे जे तुम्ही विचारले आहे, ते कृपा करून करू नका. त्या बैठकीचे चित्रीकरण वर्षानुवर्षे जपून ठेवावे लागते; टेक्सासमध्ये पाच वर्षे, फ्लोरिडात दहा. तुमची कुजबुज त्यात राहील, आणि उद्या कुणी त्या दस्ताला आव्हान दिले तर तीच पुरावा ठरेल.

आता माझी चूक सांगतो. आम्हाला विकायचे होते ते टाऊनहाऊस माझ्या आणि आईच्या नावावर होते. मी न्यू जर्सीत, आई भावाकडे टेक्सासमध्ये आणि घर तिसऱ्याच राज्यात, अशी स्थिती होती. आईने मला पॉवर ऑफ अॅटर्नी द्यायची आणि क्लोजिंगच्या सगळ्या सह्या मी करायच्या, असे ठरले. ऑनलाईन नोटरी घेतला, तो व्हर्जिनियाचा होता. आई पहिल्या फेरीत तीन प्रश्नांवर अडकली, दुसऱ्या फेरीत तिची चार उत्तरे बरोबर आली, ओळखपत्राची तपासणी झाली, कॅमेऱ्यासमोर सही झाली, पंचवीस डॉलर कापले गेले आणि अर्ध्या तासात दस्त माझ्या ईमेलमध्ये येऊन पडला. त्या दिवशी मी भावाला फोन करून जग किती पुढे गेले आहे यावर व्याख्यान दिले होते.

मग मी ती फाईल जाड कागदावर रंगीत छापली आणि, टायटल कंपनीला उगाच कशाला त्रास, या विचाराने नोंदणीसाठी थेट काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात पाठवून दिली.

अकरा दिवसांनी पाकीट परत आले. आत एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर 'मूळ दस्त नाही' एवढ्याच अर्थाच्या चौकटीत खूण केलेली होती. मला वाटले की शिक्का फिकट छापला गेला असावा, म्हणून मी दुकानात जाऊन अधिक चांगली प्रत काढली आणि पुन्हा पाठवली. हे आज लिहितानाही संकोच वाटतो. दुसऱ्यांदा तीच चिठ्ठी, तीच खूण. फोन केला तर उत्तर मिळाले, "आम्ही कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही." मी विचारले की मूळ दस्त म्हणजे नेमके काय पाठवू, तर उत्तर, "मूळ दस्त पाठवा." फाईलच ईमेलने पाठवू का, तर ईमेलने काही स्वीकारले जात नाही. सल्ला देता येत नाही हे मला मान्य आहे, पण त्या चिठ्ठीवर 'इलेक्ट्रॉनिक दस्ताची प्रमाणित कागदी प्रत हवी' असे एक वाक्य जास्त असते तर माझा महिना वाचला असता. तिथल्या माणसांना मी काय चुकवले आहे हे पहिल्या नजरेतच कळत होते, अशी माझी आजही खात्री आहे. असो.

नेमके काय चुकले होते, ते शेवटी टायटल कंपनीतल्या एका बाईंनी सांगितले. ऑनलाईन नोटरीने केलेल्या दस्ताची मूळ प्रत म्हणजे ती फाईल. नोटरीचा शिक्का आणि सही फाईलमध्ये डिजिटल प्रमाणपत्राने बांधलेली असते आणि नंतर कुणी एक अक्षर जरी बदलले तरी ते उघडकीस येते. तिचा सारा भरवसा त्या बांधणीत असतो. छापताक्षणी ती बांधणी सुटते आणि हातात उरतो तो शिक्क्याचे चित्र असलेला कागद. माझी पहिली प्रत आणि दुकानातली महागडी प्रत या दोन्ही सारख्याच निरुपयोगी होत्या. अशी फाईल नोंदवण्याचे रस्ते दोन. काउंटी इलेक्ट्रॉनिक नोंदणी करत असेल तर टायटल कंपनी ती फाईल त्या मार्गाने पाठवते. करत नसेल, तर त्या राज्याचा कायदा परवानगी देत असल्यास, छापील कागद हा इलेक्ट्रॉनिक दस्ताची खरी प्रत आहे असे नोटरीचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. या व्यवसायातले लोक याला 'पेपरिंग आऊट' म्हणतात. हे प्रमाणपत्र बैठकीच्या वेळीच मागितले असते तर काम तिथेच संपले असते.

मग नोटरीने हे आधी का सांगितले नाही, असा राग मला बरेच दिवस होता. आपल्याकडे भारतात नोटरी म्हणजे वकिलीत मुरलेला माणूस, त्यामुळे तो दोन शब्द सांगेल अशी आपली अपेक्षा असते. इथला नोटरी बहुतेक राज्यांत वकील नसतो, आणि वकील नसताना सल्ला देण्यास त्याला सक्त मनाई असते. समोरचा माणूस तोच आहे, स्वखुशीने आणि शुद्धीत सही करतो आहे, एवढेच तो पाहतो. तो कागद पुढे कुठे जाणार आणि तिथे चालणार का, हे पाहणे त्याचे काम नाही.

कायद्याने ऑनलाईन नोटरीला मान्यता आहे, मग अडचण कसली, असे तुमच्या प्रश्नाखाली एका सदस्याने लिहिले आहे. मान्यता आहेच. व्हर्जिनियाने २०१२ पासून ही सोय सुरू केली, करोनाच्या काळात राज्यांमागून राज्यांनी तात्पुरते आदेश काढले, आणि आज चाळिसांहून अधिक राज्यांत कायमचे कायदे आहेत. न्यूयॉर्कमध्ये तो जानेवारी २०२३ अखेरीस लागू झाला. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, पण तिथल्या नोटरींना हे काम करू देणारी यंत्रणा उभी करण्यासाठी २०३० च्या सुरुवातीपर्यंतची मुदत ठेवली. परराज्यातल्या नोटरीने केलेला दस्त मात्र तिथे चालतो. परंतु दस्त वैध असणे आणि समोरच्या खिडकीने तो हातात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायटल विमा (मालकीत दोष निघाल्यास भरपाई) देणारी कंपनी विशिष्ट ऑनलाईन सेवाच मान्य करते, कर्ज देणाऱ्या बँकेचा स्वतःचा नियम असतो, आणि काउंटीचा तिसराच. तुमचा दस्त या तिघांच्या हातांतून जाणार आहे.

म्हणून उद्या सकाळी टायटल कंपनीला ईमेल करा, फोन नव्हे, म्हणजे उत्तर लेखी राहील. पॉवर ऑफ अॅटर्नीचा मसुदा सही होण्याआधी त्यांना पाठवा. तो मजकूर त्यांच्या विमा कंपनीला चालेल का, शाईची सही असलेला मूळ कागद कोणी कोणाला पाठवायचा आणि साक्षीदार किती लागतील, हे विचारा. साक्षीदारांचा मुद्दा हलका समजू नका. फ्लोरिडात पॉवर ऑफ अॅटर्नीला नोटरीखेरीज दोन साक्षीदार लागतात, इतर अनेक राज्यांत लागत नाहीत, आणि कॉन्डो ज्या राज्यात आहे तिथली पद्धत इथे महत्त्वाची. पुनर्वसन केंद्राचे कर्मचारी साक्षीदार होतील असे गृहीत धरू नका, बऱ्याच केंद्रांत त्यांना तशी मनाई असते. मोबाईल नोटरीला आधी सांगितले तर काही जण जादा पैसे घेऊन साक्षीदार सोबत आणतात.

मोबाईल नोटरीचे शुल्क ऐकून दचकू नका. शिक्क्याच्या शुल्काची कमाल मर्यादा बहुतेक राज्यांनी ठरवलेली आणि किरकोळ असते. कॅलिफोर्नियात प्रत्येक सहीला पंधरा डॉलर, फ्लोरिडात दहा. खरा आकडा येण्याजाण्याचा असतो आणि तो आधी ठरवून घ्यायचा असतो. आम्ही शेवटी आईची सही मोबाईल नोटरीसमोर पुन्हा घेतली तेव्हा टेक्सासमध्ये शिक्क्याचे सहा डॉलर आणि प्रवासाचे पंच्याहत्तर लागले. ते मी आनंदाने दिले, कारण तोवर खरेदीदाराच्या कर्जाचा व्याजदर बांधून ठेवण्याची मुदत संपली होती आणि ती वाढवण्याचे नऊशे डॉलर आमच्या खिशातून गेले होते. भावाच्या जेवणाच्या टेबलावर वीस मिनिटांत काम झाले, आणि या वेळी पाकीट टायटल कंपनीच्या नावाने गेले.

केंद्रातल्या भेटीत सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे सासऱ्यांची त्या वेळची अवस्था. नोटरी त्यांच्याशी स्वतः बोलेल, कदाचित तुम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगेल, आणि ते गुंगीत दिसले किंवा कशावर सही करतो आहोत हे त्यांना सांगता आले नाही तर तो काम न करता निघून जाईल. प्रवासाचे पैसे बहुधा तरीही द्यावे लागतील. वेदनाशामक औषधाची वेळ परिचारिकेला विचारा आणि त्याआधीची, शक्यतो सकाळची वेळ ठरवा. भाषेचाही विचार करा. नोटरी आणि सही करणारा यांना एकमेकांचे बोलणे थेट कळले पाहिजे असा अनेक ठिकाणी आग्रह असतो, कॅलिफोर्नियात तर दुभाषी चालतच नाही, आणि जिथे चालतो तिथेही सूनबाईंनी दुभाषी होणे बरे दिसत नाही. सासऱ्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर मराठी किंवा हिंदी बोलणारा नोटरी शोधा. मोठ्या शहरांच्या आसपास असे नोटरी सापडतात.

ओळखपत्र मुदतीतले हवे आणि ते केंद्रात त्यांच्याजवळ हवे. आमच्याकडे आईचे ओळखपत्र ऐनवेळी बँकेच्या लॉकरमध्ये निघाले होते. कोणती ओळखपत्रे चालतात याची यादी राज्यागणिक बदलते, म्हणून पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि राज्याचे ओळखपत्र यांपैकी काय काय आहे ते नोटरीला फोनवरच सांगा. आपल्या नावांचा घोळ तर वेगळाच: खरेदीखतावर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टावर ते पहिल्या नावाला जोडलेले आणि ग्रीन कार्डावर अजिबात नाही. खरेदीखतावरचे नाव अक्षरशः तसेच मसुद्यात हवे, आणि ओळखपत्रावरचे वेगळे असेल तर 'उर्फ' म्हणून दोन्ही घालता येतील का, हे टायटल कंपनीलाच विचारा. नोटरीसमोर खाडाखोड करण्याची पाळी येऊ देऊ नका.

सही नोटरी येण्याआधी करून ठेवू नका. काही प्रकारांत आधी केलेली सही 'ही माझीच' असे सांगून चालते, शपथेच्या प्रकारात चालत नाही, आणि आपल्या दस्ताला कोणता प्रकार लागतो हे नोटरी आपल्याला निवडून देत नाही. कोरी जागा ठेवली की प्रश्नच उरत नाही.

भारतात वापरायच्या कागदाविषयी ज्यांनी मधेच विचारले आहे त्यांच्यासाठी एवढेच, की अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) नोटरी ज्या राज्याचा असतो त्या राज्याकडून मिळते. न्यू जर्सीत बसून व्हर्जिनियाच्या ऑनलाईन नोटरीसमोर सही केलीत तर तो कागद घेऊन न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनला, जाण्यात अर्थ नाही, त्याला व्हर्जिनियाकडेच जावे लागेल.

ताई, अठरा दिवस पुरेसे आहेत, पण पाकीट एकदा परत आले तर पुरणार नाहीत. टायटल कंपनीचे उत्तर आले की कॉन्डो कोणत्या राज्यात आहे तेवढे इथे लिहा. तिथल्या साक्षीदारांच्या नियमाचा ताजा अनुभव असलेले दोघे-तिघे सदस्य या समूहात नक्की आहेत.