आंबोलीत बैठं घर घ्यायचंय? आधी सातबारा, मग छप्पर

तुम्ही विचारलंय की पुण्यातला फ्लॅट विकून निवृत्तीनंतर आंबोलीत एखादं जुनं बैठं घर घ्यावं का. आईंच्या गुडघ्यांमुळे जिना नको आहे, आणि घर बघताना नेमकं काय तपासायचं तेही हवं आहे. मी इथे घर घेऊन राहतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. जरूर घ्या. पण जमिनीचे कागद सावंतवाडीतल्या एखाद्या जाणत्या वकिलाने तपासल्याशिवाय घर बघायलाच जाऊ नका. घर एकदा मनात भरलं की कागदातल्या खोडी डोळ्यांना दिसेनाशा होतात.

इथला मोठा प्रश्न कबुलायतदार गावकर जमिनींचा. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतली पुष्कळ जमीन सावंतवाडी संस्थानच्या काळापासून गावकरांकडे सामाईक कबुलायतीने, म्हणजे सारा भरण्याच्या लेखी कबुलीवर, होती. 1999 मध्ये सातबाऱ्यावर तिला 'महाराष्ट्र शासन' असं नाव लागलं, आणि ती परत आपल्या नावावर व्हावी म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. त्यामुळे पिढ्यानपिढ्या राहत्या घराखालची जमीन घरमालकाच्या नावावर नाही, असं इथे सर्रास आढळतं. विकणारा तुम्हाला फसवतोय असंही नसतं. घर आजोबांनी बांधलेलं, घरपट्टी दरवर्षी भरलेली, त्याच्या दृष्टीने ते त्याचंच. पण ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. जमीन वाटपाच्या हालचाली झाल्या आहेत म्हणून 'पुढे नावावर होईलच' असं कुणी म्हणालं, तर व्यवहारही पुढेच करू म्हणा. इसारसुद्धा देऊ नका.

सातबारा खासगी नावाने असला तरी 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. तिथे खासगी वनाची नोंद असेल (इकडे 'वनसंज्ञा लागली' असं म्हणतात), तर तो तुकडा सोडून द्या. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन शेतीची असेल तर खरेदीदाराकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, म्हणून तुमच्या घराण्यात कुठे सातबारा आहे का ते आत्ताच शोधून ठेवा. नसेल तर गावठाणातलं किंवा रीतसर बिनशेती झालेलं घरच बघा. जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा, जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासणारा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या. आणि सातबाऱ्यावर जितकी नावं असतील तितक्या सह्या हव्यात. मुंबईतल्या चुलत्यांची सही नंतर आणून देतो, या बोलीवर व्यवहार करू नका.

आता घर. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट. बैठ्या घराला वर दुसरा मजला नसतो, सगळा पाऊस थेट तुमच्या झोपायच्या खोलीवरच. म्हणून टाइल्स, किचन ओटा, दिवाणखाना हे सगळं मागाहून. आधी शिडी मागा आणि वळचणीपाशी चढा. वासे भिंतीवर जिथे टेकतात तिथे ओल आणि वाळवी पहिल्यांदा शिरते. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाशाच्या टोकाला दाबून बघा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. पोखरलेलं असेल तर वरून रंग शाबूत आणि आत भुसा. असे दोन-चार वासे निघाले तर अख्खं छप्पर उतरवायचा खर्च धरूनच किंमत बोला. स्लॅबचं घर असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का ते बघा. नसेल तर पहिल्याच पावसात ती घालावी लागेल.

मग घराला बाहेरून फेरी मारा. पाऊस नैऋत्येकडून मारा करतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत घराची खरी हकीकत सांगते. तीच तेवढी नव्याने रंगवलेली असेल तर कपाटं हलवायला लावा आणि मागचा भाग हाताने चाचपून बघा. भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. बाहेरून गिलावा किंवा पावसाळी पत्रा नसेल तर श्रावणापर्यंत आतल्या भिंतीला बुरशी येते आणि कपाटातल्या साड्यांना वास मारतो. जोतं अंगणापेक्षा दीड-दोन फूट तरी उंच असावं. हे सांगताना मला तुमच्या आईंचा विचार येतो, कारण तेवढं जोतं म्हणजे तीन पायऱ्या. तिथे कठडा आणि उतार करून घ्या, पण पायऱ्या वाचवण्यासाठी जोतं कमी असलेलं घर घेऊ नका. घराच्या मागे कापलेली दरड असेल तर मी ते घर फुकटही घेणार नाही.

एवढ्या पावसाच्या गावात पाण्याची चौकशी करायला सांगतोय याचं नवल वाटेल, पण मे महिन्यात विहिरीला किती पाणी असतं ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, तेव्हा इन्व्हर्टर धरूनच चाला. मोठ्या दुखण्याला घाट उतरून सावंतवाडी, आणि तिथूनही पुष्कळदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागतं. घाटात दरड आली की तोच रस्ता अडतो. आईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. इथली चार महिन्यांची ओल आणि धुकं दम्याला अजिबात मानवत नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे येत्या आषाढात दोन महिने गावातच एखादं घर भाड्याने घ्या आणि आईंना घेऊन या. कोणत्या छपरातून पाणी येतं, कोणत्या वाडीत वीज जास्त जाते, हे दलालाशिवाय कळेल. शिवाय मुक्काम गणपतीपर्यंत लांबवा. चाकरमानी तेव्हा गावी येतात, सगळे हिस्सेदार एका घरात सापडतात, सह्यांचं बोलणं तेव्हाच काढा.