पिझ्झा कच्चा होता का हो?

प्रश्न: घराजवळच्या इटालियन हॉटेलात कायम गर्दी असते म्हणून गेलो, तर पिझ्झा मधोमध ओला, कडेला काळे डाग, पास्ताही दाताला लागत होता. परत पाठवायला हवं होतं का?

उत्तर: पिझ्झा परत पाठवायला नको, तो इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीचा असणार, त्यात भट्टी ४३० डिग्रीच्या वर तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर, म्हणून कडा फुगून डाग पडतात आणि मध्ये टोमॅटो आणि मोझरेला चीजचं पाणी राहतं, सरळ काटा-सुरीने खा. पास्ता इटलीत जरा चावावा लागेल असाच शिजवतात, पण तोडल्यावर आत कोरडं पांढरं पीठ दिसलं तर मात्र खुशाल परत पाठवा, लाजू नका. आणि फोटो काढत बसू नका हो, तेवढ्यात पास्त्याचा गिच्च गोळा होतो!