आधार ई-साइन केलेलं मृत्युपत्र चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी मृत्युपत्र टाइप करून घेतलं, त्या पीडीएफवर आधार ई-साइन केलं, दोन साक्षीदारांनी आपापल्या घरी बसून तशीच ई-सही केली आणि फाइल क्लाउडवर ठेवली. एवढं पुरेसं आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही, पुरेसं नाही. वडील आज धडधाकट आहेत, तेव्हा हेच मृत्युपत्र कागदावर पुन्हा करून घ्या, आणि कृपा करून याच महिन्यात.

ई-सहीला हाताच्या सहीचा दर्जा मिळतो तो माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे. पण त्याच कायद्याच्या कलम १(४) आणि पहिल्या अनुसूचीने काही दस्तऐवज बाहेर ठेवलेत, आणि त्यात मृत्युपत्र स्पष्ट शब्दांत आहे. ही जुनी राहून गेलेली ओळ आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ही अनुसूची बदलली, स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार यादीतून काढले, आणि मृत्युपत्र मात्र तिथेच ठेवलं.

मग लागू होतं ते भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ६३. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, किमान दोन साक्षीदारांनी ते पाहायचं किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि प्रत्येक साक्षीदाराने त्याच्यासमोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर हवेत असं नाही. पण 'त्याच्यासमोर' ही अट सुटत नाही, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तीही मोडली आहे, कारण साक्षीदार आपापल्या घरी होते. (मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वसीयत तोंडीही होऊ शकते, तिचे नियम निराळे. हे उत्तर त्यासाठी नाही.)

ही अट जुनाट वाटते खरी, तरी मी तिच्या बाजूने आहे. वाद उभा राहतो तेव्हा मृत्युपत्र करणारा माणूस बोलायला नसतो. आधार ई-साइन मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होतं, आणि ओटीपीवरून एवढंच कळतं की कुणीतरी त्या मोबाइलवरचा आकडा वाचला. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा मोबाइल बहुतेक वेळा कुणाच्या हातात असतो? सोबत राहणाऱ्या मुलाच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या. म्हणजे ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्यांच्याच. समोर बसलेला साक्षीदार पाहतो की बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना विषय कळतोय, कुणी हात धरून सही करवत नाहीये. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते. लेकरांवर ते ओझं कशाला टाकायचं?

परदेशातल्या बातम्यांनी गोंधळ वाढतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या न्यायालयाने २०१७ मध्ये मोबाइलमधला न पाठवलेला मेसेज मृत्युपत्र म्हणून मान्य केला, हे खरं आहे. पण तिथल्या कायद्याने न्यायालयाला औपचारिकता माफ करण्याचा अधिकार दिलेला आहे. आपल्या १९२५ च्या कायद्यात तसं कलम नाही. अमेरिकेतल्या नेवाडाने २००१ मध्येच इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राचा कायदा केला, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १ डिसेंबर २०२१ पासून ते चालतं. या ठिकाणी विधिमंडळाने आधी कायदा बदलला आहे. इंग्लंडमध्ये कोविडकाळात व्हिडिओ कॉलवरून साक्ष चालायची, तेव्हासुद्धा सही कागदावर पेनानेच लागायची.

म्हणून तुमची फाइल निरुपयोगी ठरते असं नाही, ती पुरावा म्हणून जपा. कागदावर सह्या होताना व्हिडिओ काढा. वडिलांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या: मालमत्ता काय आहे, कुणाला काय देताय, कुणाला कमी दिलं असेल तर का. पढवलेली वाक्यं लगेच ओळखू येतात. मृत्युपत्राची जागा हा व्हिडिओ घेत नाही, पण मानसिक अवस्थेवर शंका घेणाऱ्याला तो चांगलं उत्तर देतो.

स्कॅन प्रतही ठेवा. मूळ मृत्युपत्र निधनानंतर हरवलं, किंवा करणाऱ्याचा काही हात नसताना नष्ट झालं, तर कलम २३७ खाली प्रतीवरूनही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळू शकतं. उलट मूळ कागद वडिलांच्याच ताब्यात होता आणि नंतर सापडलाच नाही, तर त्यांनीच तो रद्द म्हणून फाडला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. त्यामुळे मूळ कागद कुठे आहे हे व्यवस्थापकाला, म्हणजे मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला, माहीत हवं. रद्द करण्याचंही तसंच आहे: 'मी ते मृत्युपत्र रद्द करतो' असा ईमेल कलम ७० प्रमाणे पुरत नाही. नवं मृत्युपत्र, तशाच साक्षीने केलेलं लेखी निवेदन, किंवा रद्द करायच्या हेतूने कागद फाडणं-जाळणं हवं.

बँकेत आणि डीमॅटला ऑनलाइन नॉमिनेशन केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

प्रत्यक्ष करायला हे काम सोपं आहे. टाइप केलेला मजकूर तोच वापरा, साध्या कागदावर छापा. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलीत तर उत्तम, मात्र नोंदणी झाली म्हणून संशयाचे मुद्दे आपोआप मिटत नाहीत. घरात कुणाला कळू नये असं वाटत असेल तर जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात ठेवता येतं. साक्षीदार वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान निवडा, कारण साक्षीदार हयात असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे निदान एकाला न्यायालयात उभं राहावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. तुम्ही परदेशात आहात, पण या कामासाठी तुम्हाला यायची गरज नाही. उलट सह्या होताना तुम्ही तिथे नसणं तुमच्याच फायद्याचं आहे.