फळांच्या स्वादाचा दुधाचा चहा घरी करताना दूध का नासते, आणि तो नीट कसा करावा?

आपण लिहिले आहे की, बबल टीच्या, म्हणजे तळाशी चिवट मोती घातलेल्या थंड चहाच्या, दुकानात मिळतो तसा स्ट्रॉबेरीचा दुधाचा चहा घरी करून पाहिला. नेहमीसारखा दूध घालून चहा उकळला, त्यात स्ट्रॉबेरीचा रस ओतला आणि पाहता पाहता चोथा व पाणी वेगळे झाले. माझ्या स्वयंपाकघरातही पहिल्या खेपेला हेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो. आपण केलेली कृती त्याहून फारशी वेगळी नव्हती, फक्त लिंबाच्या जागी स्ट्रॉबेरी होती. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितके आंबट), साधारण 6.6 ते 6.8 असतो. आंबटपणा वाढून तो 4.6 पर्यंत उतरला की दुधातील केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून खाली बसते. दूध तापलेले असेल तर मात्र त्यासाठी एवढ्या आंबटाचीही गरज लागत नाही, 5.3 च्या आसपासच काम होऊन जाते. म्हणजे आंबट आणि ऊन या दोन गोष्टी एकाच वेळी दुधाला भेटल्या की ते नासते, आणि फळ आपल्याला हवेच आहे, तेव्हा सोडायचे ते ऊन. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. सोलकढीत कोकमाचे आगळ नारळाच्या दुधात पडते आणि कढी एकजीव राहते, पण तीच कढी कोणी उत्साहाने गॅसवर ठेवली की फुटते. फळांचा दुधाचा चहाही सोलकढीच्याच शिस्तीने, पूर्ण थंड करावा.

माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षे तैवानमधील शिन्चू येथे राहिलो. हा चहा मूळचा तिकडचा. 1980 च्या दशकात दुधाच्या थंड चहात टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या पिठाचे, मोती घालण्याची कल्पना प्रथम कोणाची, यावरून तायचुंगमधील छुन शुई थांग आणि ताइनानमधील हानलिन या दोन चहागृहांत वाद होता आणि तो न्यायालयापर्यंत गेला होता. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते तिथल्या दुकानांतील फलकावर दिसते. तिथे फळांचा चहा आणि दुधाचा चहा हे दोन वेगळे रकाने असतात. पॅशनफ्रूट, लिंबू, ग्रेपफ्रूट (पपनसासारखे फळ) अशी आंबट फळे बहुतेक करून पहिल्या रकान्यात, म्हणजे बिनदुधाच्या हिरव्या चहात जातात. दुधाच्या रकान्यातील पुष्कळसा चहाही दुधाचा नसतो, क्रीमरच्या पुडीचा असतो. त्या पुडीत ग्लुकोज सिरप, वनस्पतिजन्य स्निग्धांश, केसीनचेच एक रूप आणि ते फाटू नये म्हणून घातलेले फॉस्फेटचे क्षार असतात. खऱ्या दुधाचा हवा असेल तर तो बहुधा वेगळ्या नावाने आणि थोड्या जास्त किमतीला मिळतो. त्यामुळे दुकानातला स्ट्रॉबेरी चहा का नासत नाही, या कोड्याचे अर्धे उत्तर त्या पुडीत आहे आणि उरलेले अर्धे बऱ्याचदा असे की, त्यात स्ट्रॉबेरीही नसते, नुसता स्वाद असतो. घरी खरे दूध आणि खरे फळ वापरायचे म्हटले की काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

आता कृती. दोन मोठ्या पेल्यांसाठी पाव लिटर पाणी उकळावे, गॅस बंद करून त्यात तीन सपाट चमचे चहा पावडर घालावी आणि झाकण ठेवून चार ते पाच मिनिटांनी गाळावे. आपल्या रोजच्या दाणेदार सीटीसी चहाला पाच मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि पावडर घातल्यावर उकळू तर मुळीच नये. उकळल्याने येणारा तुरटपणा रोजच्या चहात दूध-साखर झाकून घेते, फळापुढे मात्र तो उघडा पडतो. निलगिरीचा पानांचा चहा मिळाला तर तो अधिक चांगला. हा कोरा चहा प्यायला कडक वाटला पाहिजे, कारण पुढे त्यात दूध, फळ आणि वितळणारा बर्फ अशी तिहेरी भर पडणार आहे; मिळमिळीत चहाने हा पदार्थ केला की नुसते रंगीत मिल्कशेक तयार होते. साखर चहा गरम असतानाच विरघळवून घ्यावी, थंड चहात ती तळाशी बसून राहते. मग चहा आधी निववून नंतर फ्रीजमध्ये ठेवावा. थंड झाल्यावर तो गढूळ दिसला तर बिघडला असे समजून ओतून देऊ नये. चहातील टॅनिन व कॅफीन थंडीत एकत्र येऊन तसा रंग येतो आणि चवीत काही फरक पडत नाही.

दूध तापवून, सायीसकट थंड केलेले दीड वाटी घ्यावे. म्हशीचे असल्यास उत्तम. पेल्यात तळाला फळाचा गर, त्यावर बर्फ, मग दूध आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू कोरा चहा, हा क्रम मी पाळते. दिसायला तीन थर सुंदर दिसतात हे खरे, पण क्रमाचे मुख्य कारण असे की, दूध फळाला भेटते तेव्हा ते बर्फामुळे अगदी गार असते आणि ढवळणे पिणाऱ्याच्या हाती राहते.

फळ कोणते घ्यावे, यावर अर्ध्याहून अधिक यश अवलंबून आहे. माझे सर्वात आवडते फळ ऐकून लोक हसतात, पण चहाशी चिकूइतके कोणाचेही जमत नाही. त्याचा पीएच 5 च्या आसपास असतो, त्यामुळे दुधाला धोका जवळजवळ नाही, आणि पिकलेल्या घोलवडच्या चिकूला काकवीसारखी जी खमंग गोडी असते ती कडक चहात अशी काही मिसळते की वेगळी साखर घालावीशी वाटत नाही. दोन पेल्यांना तीन चिकू, साल व बिया काढून थोड्या दुधाबरोबर मिक्सरमधून फिरवावेत. चिकू मऊ झालेलाच हवा. कच्चा असला तर जीभ दाटते. केळ्याचेही दुधाशी भांडण नाही, शिकरण आपण खातोच, परंतु केळ्याचा वास चहाला दाबून टाकतो, म्हणून मी ते टाळते.

हापूस थोडा आंबटाकडे झुकतो, तरी पिकलेल्या फळाचा अर्धी वाटी गर दीड वाटी थंड दुधाला सहज सोसतो. इथे एक खाचखळगा आहे. डबाबंद आमरसात पुष्कळदा सायट्रिक आम्ल घातलेले असते, ते डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. तो वापरायचा झाल्यास प्रमाण निम्मे करावे. सीताफळाचा चहा अप्रतिम होतो, मात्र त्याचा गर तापवू नये, तापवला की कडवट होतो. अननसाचे नेमके उलटे आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते दुधातील प्रथिने तोडते आणि दूध थंड असले तरी थोड्या वेळाने कडू लागते. कच्च्या आल्याने दूध फाटते तेही अशाच एका विकरामुळे, आणि म्हणूनच आल्याचा चहा करताना आपण आले आधी पाण्यात उकळून घेतो. अननसाच्या फोडीही साखर घालून पाच-सात मिनिटे उकळाव्यात व थंड कराव्यात. आंबटपणा तरीही उरतोच, तेव्हा अननसाला मी गाईम्हशीचे दूध देतच नाही, नारळाचे जाडसर दूध वापरते. पपई आणि किवीतही अशीच विकरे असतात. त्या वाटेला मी गेले नाही.

मोत्यांविषयी आपण ओघात विचारले आहे. तिकडचे मोती टॅपिओकाच्या पिठात उकळता गुळाचा पाक घालून मळलेले असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाच्या पिठाचा, पण तो शिजल्यावर मऊ पडतो, तसा चिवट लागत नाही. मोठा साबुदाणा न भिजवता उकळत्या पाण्यात शिजवून, गार पाण्याखाली धुऊन गुळाच्या पाकात ठेवला तर काम भागते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, खड्यासारखा होतो.

राहिली आपली स्ट्रॉबेरी. ही या सगळ्यांत अवघड, कारण तिचा पीएच 3 ते 3.5 असतो. आंबटपणा मारण्यासाठी मी एकदा चिमूटभर खाण्याचा सोडा घातला होता. आंबटपणा गेला, पण सुरेख लाल पाक डोळ्यांदेखत करडा-जांभळा झाला आणि चवीला साबणासारखा लागला, तेव्हा तो मार्ग सुचवत नाही. पाव किलो महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, शंभर ग्रॅम साखर, पाण्याचा थेंब न घालता मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे आटवावी आणि पूर्ण थंड करावी. साखरेने आम्ल नाहीसे होत नाही, परंतु आटल्यामुळे वास आणि रंग इतका दाट होतो की एका पेल्याला दोनच चमचे पुरतात, आणि इतक्या थोड्या आम्लाला थंड दूध पेलू शकते. या चहाला दूध नेहमीपेक्षा थोडे जास्त आणि बर्फ भरपूर घ्यावा. ढवळल्यावर काठाला क्वचित बारीक कण दिसतील, त्याने काही अपाय नाही. करून ठेवायचा असेल तर पाक, चहा आणि दूध वेगवेगळ्या बाटल्यांत फ्रीजमध्ये ठेवावे, पाहुणे बसले की पेल्यात एकत्र करावे आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवावे.